दोर ढिला सोड

"हात काढ."

बाईंच्या तोंडून मी ऐकलेले पहिले दोन शब्द हेच. मुलुंडच्या त्या औषधांच्या कंपनीत मला लागून दोनच दिवस झाले होते. फाटकात पाइप फुटून चिखल झाला होता. टेलिफोन ऑपरेटर बाई पांढरी काठी टेकत समोरून येताना दिसल्या, म्हणून मी धावत पुढे गेलो आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, साडीला लागलेली कुसळं काढावीत तशी. मग स्वतःच माझं कोपर चाचपून धरलं.

"आता चल. मी धरायचं असतं, तू नाही. कुठल्या खात्यात आहेस?"

"डिस्पॅचला."

"वाटलंच. पार्सलं तुझ्या खात्यात. मी नाही."

तुम्हीही कुणाला तरी असं न विचारता धरून रस्ता ओलांडून दिला असेल. दिला असेल तर रागावू नका, मीही त्यातलाच. पण पुढची पाच-सहा वर्षं मी बाईंच्या बरोबर हिंडलो, आणि आपण डोळस माणसं किती उर्मट असतो ते रोज पाहत गेलो. हॉटेलात गेलं की वेटर मला विचारायचा, "मॅडम क्या लेंगी?" बाई टेबलावर थाप मारायच्या. "उसको क्या पूछता है? पेट मेरा है." घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी तर बाईंना ताप असताना त्यांच्या आईला विचारलं, "हिला कुठे दुखतंय?" आई देवगडकडची, ठसक्याची. म्हणाली, "माका कित्याक इचारतात डाक्टर? तिका तोंड असा, तिका इचारा."

बाईंची नजर सातव्या वर्षी देवीच्या साथीत गेली. वडील गिरणीत होते. घाटकोपरच्या डोंगरउतारावर यांची खोली, नळ खाली आणि खोली वर. या मुलीला घरात बसवून ठेवायचं, हे त्या आईच्या डोक्यातही आलं नाही. कळशी दिली आणि सांगितलं, जा. पाय घसरला, कळशी गडगडत खाली गेली, तर आई वरून ओरडायची, "कळशी आणूक इसरू नको!" बाई हे सांगून खो खो हसायच्या. पुढे त्या अंधशाळेत शिकल्या, टाइपिंग शिकल्या, टेलिफोनचा बोर्ड चालवायला शिकल्या. आमच्या कंपनीतल्या दोनशेक माणसांचे आवाज त्यांना पाठ होते. कोण खोटं बोलून रजा काढतंय ते त्यांना श्वासावरून कळायचं.

मी तेव्हा मुलुंडमधल्या एका गिर्यारोहण मंडळात जायचो. रविवारी कातळावर हात सोलून घ्यायचे आणि सोमवारी ऑफिसात मिरवायचे, असं ते वय. एका सोमवारी मी बोर्डापाशी काही नंबरांची चिठ्ठी वाचून दाखवायला गेलो होतो. निघताना बाईंनी माझा हात धरला आणि बोटांची टोकं चाचपली.

"कशानं सोलली?"

मी सांगितलं. कडा, खाचा, दोर, सगळं. बाई ऐकत राहिल्या. बोर्ड दोनदा घरघरला तरी त्यांनी फोन घेतला नाही.

"मला ने," त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठीची घडी घालत राहिलो.

"हसलास?"

"नाही हो."

"ऐकू येतं मला. रविवारी किती वाजता?"

मंडळात विचारायची मला हिंमत नव्हती. म्हणून पहिल्यांदा मी त्यांना एकट्यांनाच मुलुंड कॉलनीच्या मागे नेलं. जंगलाच्या कडेला तिथे दहा-पंधरा फुटांचे धोंडे आहेत. बाईंनी साडी बदलून भावाची पँट घातली होती आणि पायात कॅनव्हासचे बूट. धोंड्याशी गेल्या, दोन्ही तळवे टेकले आणि किती तरी वेळ नुसत्या फिरवत राहिल्या. बाजारात बायका कापड बघतात तसा त्यांनी तो धोंडा बघितला.

मी उत्साहानं सांगायला लागलो, "इकडे, इकडे, वरती आहे बघा, तिकडे!"

"इकडे म्हणजे कुठे? तिकडे म्हणजे कुठे? मराठीत सांग नाहीतर गप्प बस."

मी गप्प बसलो. तेच बरं झालं. पाय उचलून त्या बुटाच्या टोकानं कातळ चाचपायच्या, खाच सापडली की त्यावर भार टाकून बघायच्या, मग हात. त्या दिवशी सहा वेळा पडल्या. ढोपरं फुटली, हनुवटी खरचटली. सातव्यांदा माथ्यावर पोचल्या आणि तिथेच पालथ्या पडून राहिल्या. मी घाबरून विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "काही नाही रे. गरम आहे दगड. छान वाटतंय."

त्यानंतर वर्षभर, पावसाळा सोडून, एक रविवार चुकला नाही. मी दहा वर्षांनी लहान, पण बाई माझ्यापेक्षा सफाईदार चढायला लागल्या, हे मी इथे लिहून ठेवतो. मी डोळ्यांनी लांबची मोठी खाच हेरायचो आणि तिच्याकडे झेप घ्यायचो. त्या जवळचीच, करंगळीएवढी का होईना, पण पक्की खाच शोधायच्या. त्यांचा पाय कधी घसरला तरी घाईमुळे घसरत नसे.

मग मी धीर करून मंडळात विषय काढला.

मंडळाचे प्रमुख मोठे गोड बोलणारे गृहस्थ. सगळ्यांना "मित्रांनो" म्हणायचे. ते म्हणाले, "भावना समजते मला. पण जबाबदारी कोणाची? त्यांच्या वडिलांचं संमतिपत्र आणा, मग बघू."

बाई चौतीस वर्षांच्या होत्या. घर त्यांच्या पगारावर चालत होतं. आणि वडिलांचं संमतिपत्र! त्याच मंडळात एक जण आदल्या रात्रीची उतरलेली नसताना दोर बांधायचा, त्याच्या बापाला कुणी काही विचारलं नव्हतं. मी हा निरोप बाईंना कसा सांगावा या विचारात होतो, पण त्यांनी माझा गळाच ओळखला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, तुमच्या वडिलांचं आधी दाखवा." मी अर्थातच तसं म्हटलं नाही. मी तेव्हा असा तोंडातल्या तोंडात बोलणारा होतो.

सहा महिने गेले आणि एकाएकी वारं फिरलं. मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. प्रमुखांना कुणीतरी सुचवलं असावं की, एखादी अंध बाई कड्यावर चढली तर वर्तमानपत्रात फोटो येईल. लगेच गृहस्थ स्वतः बोर्डावर फोन करून बाईंशी बोलले. संमतिपत्राचं नावही निघालं नाही. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीच्या अलीकडचा शंभरेक फुटांचा एक कडा ठरला. मध्यावर त्याला पोट सुटलंय, कातळ तिथे पुढे आलेला. तिथे भले भले लटकतात.

बाई मला म्हणाल्या, "त्यांना फोटो पाहिजे, मला कडा पाहिजे. होऊन जाऊ दे."

त्या दिवशी कड्याखाली कापडी फलक लावला होता. सतरंजी, पाहुण्यांना खुर्च्या, फोटोग्राफर. मागच्या वाटेनं मी वर गेलो, झाडाला स्वतःला बांधून घेतलं आणि बाईंच्या कमरेचा दोर माझ्या पाठीवरून घेऊन बसलो. दोर सांभाळणाऱ्याचं काम एवढंच असतं, चढणारा जसा वर येईल तसा मोकळा झालेला दोर ओढून घ्यायचा आणि तो पडला तर धरायचं. पण माझ्यामागे आणखी दोन दांडगे गडी येऊन बसले. प्रमुखही वर आले होते, ते माझ्या कानाशी वाकले. "जरा ताण ठेवायचा हं. पाहुण्यांना एकच्या आत निघायचंय."

पहिले चाळीस फूट बाई आपल्या चालीनं आल्या. मग कड्याच्या पोटाखाली थांबल्या. त्यांचे हात कातळावर फिरत होते, मला वाकून दिसत होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खाली कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, मग सगळेच. प्रमुखांनी हात हलवला आणि मागच्या दोघांनी दोर खेचला. बाईंचा पाय खाचेतून सुटला.

"दोर ढिला सोड!" त्या ओरडल्या. "ए! दोर ढिला सोड! सापडतंय मला!"

मी ते ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि मी दोर ओढला. मागच्या दोघांच्या नावावर ढकलून मोकळा झालो असतो, पण दोर माझ्या हातात होता. विहिरीतून बादली काढावी तसं आम्ही बाईंना पोटावरून खरवडत वर काढलं. खाली टाळ्यांचा कडकडाट.

वर येताच प्रमुख हार घेऊन पुढे झाले. बाईंनी हारवाला हात बाजूला केला आणि माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

"धाप का लागली रे तुला?"

मी दोर गुंडाळायला लागलो.

"चढले मी, आणि दमलास तू?"

मागे ते दोघेही धापा टाकत होते. बाईंनी ते तीन श्वास ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि त्यांना माझा चेहरा दिसत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. इतक्या हलक्या पातळीला मी गेलो होतो.

हार त्यांनी घेतला नाही. धावत वर आलेल्या फोटोग्राफरनं "बाई, जरा हसा" म्हटलं, तर म्हणाल्या, "हसण्यासारखं काय झालं?" मग माझं कोपर न धरता, काठी टेकत, जिथे उतार तीव्र तिथे बसून घसरत, त्या मागच्या वाटेनं खाली गेल्या. मी दहा पावलं मागे.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. अंध महिलेची जिद्द, वगैरे. दोर तारेसारखा ताणलेला फोटोत स्पष्ट दिसत होता, पण दोर बघतो कोण! कंपनीत कँटीनमध्ये सभा झाली. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, माइक दिला. बाई म्हणाल्या, "मी कडा चढले नाही. मला ओढून वर घेतलं. बातमी खोटी आहे."

साहेब गदगदून हसले. "पाहिलंत? याला म्हणतात विनय!"

आणि दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. एरवी कुणापुढे गप्प न बसणारी ती बाई, तिला त्या दिवशी टाळ्यांनी गप्प बसवलं. माझ्या शेजारी उभा असलेला पॅकिंगचा माणूस डोळे पुसत होता. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. खरं म्हणजे ती मलाच कुणीतरी ठेवून द्यायला हवी होती. मी तेव्हा पुढे होऊन "हे खरं आहे, मीच ओढलं" असं म्हणू शकलो असतो. मी शेवेची बशी हातात धरून उभा होतो.

बाईंनी वर्तमानपत्राला स्वतः टाइप करून पत्र पाठवलं. ते छापलं गेलं नाही. मंडळात मात्र त्याची बातमी पोचली. प्रमुख म्हणाले, "काय कृतघ्न बाई आहे! आपण एवढं केलं हिच्यासाठी." तिथून मी उठलो तो परत त्या मंडळात गेलो नाही. यात शौर्य काही नाही. उशिरा उठलो, एवढंच.

बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. बोर्डावर फोन केला की, "बोला, कोणता नंबर हवाय आपल्याला?" ते 'आपल्याला' माझ्या काळजात रुतायचं. महिना गेला. शेवटी एका शनिवारी मी घाटकोपरचा तो डोंगर चढून त्यांच्या खोलीवर गेलो. आई तांदूळ निवडत होती. बाई खाटेवर बसल्या होत्या.

"मी माफी मागायला आलोय," मी म्हटलं.

"माफीचं मी काय करू? लोणचं घालू?" त्या म्हणाल्या. मग डाव्या हाताचं बोट चोळत, "मला पोटाखाली खाच लागली होती. डाव्या हाताला. अर्धं बोट आत गेलं होतं माझं. आणि तू उचललंस मला."

"हो."

"अजून आहे ती खाच तिथं. दोर कुणाकडे मिळेल?"

"मिळवतो."

"आणि ऐक. दोर ढिला. मी पडले तर पडले, तेव्हा काय ताण बसायचा तो बसेल. त्याच्याआधी नाही. कबूल?"

"कबूल."

आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "मी पण येतंय. बघतंय तरी कसा चडता तां."

तोच कडा. फलक नाही, खुर्च्या नाहीत. आम्ही तिघंच. आई झाडाखाली डबा घेऊन बसली. मी वर जाऊन झाडाला बांधून घेतलं. कुणाकडून तरी मागून आणलेला तो जुना दोर मी खाली सोडला, बाईंनी कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि सुरुवात केली.

पोटाखाली आल्यावर या खेपेला मी वाकून बघितलं नाही. बघितलं असतं तर राहवलं नसतं. माझ्यासमोर फक्त दोर होता, कड्याच्या काठावरून खाली गेलेला. तो हलत नव्हता. बराच वेळ हलला नाही. माकडं ओरडून गेली. मग एकदम हिसका बसला, मी पुढे फरफटलो, झाडाच्या दोरानं मला धरलं आणि मी बाईंना. त्या पडल्या होत्या.

"उतरवू का?" मी ओरडलो.

खालून आवाज आला, "कुणी विचारलंय तुला?"

परत दोर ढिला झाला, म्हणजे त्या कातळाला लागल्या होत्या. परत शांतता. मी मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजायचो आणि विसरायचो. माझे हात ओढायला शिवशिवत होते. जरासा आधार दिला असता तर त्यांना कळलंही नसतं, असं एकदा मनात येऊन गेलं. आणि त्यांना कळलंच असतं हेही मला पक्कं ठाऊक होतं. मग दोर वीतभर मोकळा झाला. मी वीतभरच घेतला. आणखी हातभर. असा थोडा थोडा घेत वरचा सगळा कडा सरला. मग काठावर चार बोटं आली, रक्ताळलेली, आणि त्यामागे बाईंचं डोकं.

त्या वर आल्या आणि बसल्या. ढोपरावरची पँट फाटली होती. मग तोंडाभोवती हात धरून खाली ओरडल्या, "आये, मी पोचलंय गे!"

खालून लगेच उत्तर, "मगे आता खाली ये! भाकरी सुकतत!"

बाई इतक्या हसल्या की मला त्यांना काठापासून मागे सरकायला सांगावं लागलं. हात न लावता सांगितलं.

याची बातमी कुठे आली नाही. बाईंना ती द्यायचीही नव्हती. त्यानंतर त्या चार वर्षं चढल्या, माझ्याबरोबर आणि इतरांबरोबरही, आणि बहुतेक वेळा आम्हाला हाका मारत पुढे असायच्या.

मग एका उन्हाळ्यात कावीळ झाली. दुर्लक्ष झालं असंही नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई गेल्या. चाळीशी गाठली नव्हती. कंपनीत कळल्यावर पाच-सहा जणांनी मला विचारलं, "डोंगरावरून पडल्या का?" कावीळ म्हटल्यावर त्यांची निराशा झाली. खोटं सांगत नाही, निराशा झाली.

शोकसभा मुलुंडच्या एका शाळेत भरली. कंपनी आणि मंडळ दोघांनी मिळून भरवली. टेबलावर हार घातलेला फोटो होता, तोच, ताणलेल्या दोराचा, मोठा करून चौकटीत बसवलेला. प्रमुख बोलायला उभे राहिले. आवाज तसाच गोड. "मित्रांनो, आम्ही त्यांना त्या कड्यावर नेलं, तो दिवस..."

मी उठलो. म्हटलं, "त्या दिवशी बाई चढल्या नव्हत्या. आपण त्यांना ओढलं. दोर माझ्या हातात होता. त्या सोड म्हणत होत्या आणि मी सोडला नाही. कडा त्या नंतर चढल्या, स्वतः, आणि तेव्हा तुम्ही कुणी नव्हता."

सगळे माझ्याकडे वळले. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. जवळचा होता." प्रमुखांनी समजूतदारपणे मान हलवली आणि मला बसायची खूण केली. मला परत तीच कँटीनमधली सभा दिसायला लागली. आता हेही टाळ्यांत बुडणार.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. नऊवारीचा पदर खोचला आणि वळून सभेकडे तोंड केलं.

"धक्को-बिक्को काय नाय. हेंनी तेका ओढल्यानी, ता खरा. मगे तां आपणच चडला. मी बघलंय. मी खाली बसलेलंय."

आईशी विनयाबद्दल कोण बोलणार! प्रमुखांनी चष्मा पुसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी दोन मिनिटं शांतता पाळू या असं सुचवलं आणि सगळे सुटल्यासारखे उभे राहिले.

सभा संपल्यावर मंडळाचा एक कार्यकर्ता तो चौकटीतला फोटो कागदात गुंडाळून आईला द्यायला आला. तिनं तो हातातही घेतला नाही.

"ह्यो तुमच्याकडेच ऱ्हवांदे. माका नको."

आम्ही दोघं बाहेर रस्त्यावर आलो. उन्हं उतरली होती. मी विचारलं, "घरी लावायला एखादा फोटो आहे का त्यांचा?"

"असा एक," आई म्हणाली. "फॅक्टरीच्या कार्डासाठी काढलेलो. फोटोवाल्यान सांगल्यान, बाई, हकडे बघा. तां जा काय चिडला! तसोच फोटो इलो. तोच लावतलंय."

पुढच्या महिन्यात मी घाटकोपरला गेलो तेव्हा तो भिंतीवर लागलेला होता. छोट्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे जरा धूसर. भुवया आखडलेल्या, मान फोटोवाल्याच्या आवाजाकडे वळलेली, आणि तोंड अर्धवट उघडं. पुढच्याच क्षणी बाई त्याला काहीतरी सुनावणार होत्या.